भट्टीत टाकण्याआधी गाडी ओळखा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगाराचे ट्रक रोज येतात. त्यात बंद पडलेल्या यंत्रांचे सांगाडे असतात, बोअरचे गंजलेले पाइप असतात, मोडलेले नांगर असतात आणि जुन्या गाड्याही असतात. कुणाचा नुसता दरवाजा, कुणाचं बोनेट, कुणाची मधोमध कापलेली चेसिस. हे सगळं इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेटातून सळई निघते आणि ती सळई राज्यभरातल्या घरांच्या स्लॅबमध्ये आणि पुलांच्या खांबांमध्ये जाते. बियाणं आणि पोलाद या दोन धंद्यांनी आमच्या गावाला नाव दिलं, पोट दिलं. त्याबद्दल प्रत्येक जालनेकराला वाटतो तसा अभिमान मलाही वाटतो. भंगार वितळलंच पाहिजे. ते वितळलं नाही तर नव्या लोखंडासाठी आणखी डोंगर खणावे लागतील.

माझं म्हणणं एवढंच आहे की या भट्टीत जाणारी प्रत्येक जुनी गाडी आधी ओळखली जावी, मोजली जावी, तिचे फोटो निघावेत आणि त्यातल्या निवडक गाड्यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांच्या हातून तयार व्हाव्यात. हे काम हौशी लोकांचं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत मराठवाड्यातला माणूस कशातून बाजारला गेला, कशातून दवाखान्यात गेला, लग्नाचं वऱ्हाड कशातून गेलं आणि कापूस जिनिंगला कशातून पोचला, याचा पुरावा या पत्र्यात आहे. आणि तो आपण रोज वितळवतो आहोत.

मी जालन्यातल्या मस्तगडला राहतो. आयटीआयमध्ये शीट मेटलचा ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पत्रा कसा वळतो, कुठे ताणला जातो, हातोडी आणि डॉलीच्या मध्ये त्याला गोलाई कशी आणायची, हे मुलांना शिकवताना जुन्या गाड्यांकडे बघायची नजर आपोआप तयार झाली. आजची गाडी यंत्राच्या दाबाखाली एका फटक्यात आकार घेते. जुन्या गाडीच्या दुरुस्त केलेल्या मडगार्डवर मात्र हात फिरवला की कोणत्या डेंटरने कुठे ठोकलंय ते बोटांना कळतं. निवृत्तीनंतर मी जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती करतो आणि शहरातल्या भंगाराच्या वखारींमध्ये जाऊन गाड्या ओळखतो. वखारवाले आता मला ओळखतात, कापायच्या आधी कधीकधी फोनही करतात.

असाच एक फोन आल्यावर मी एका वखारीत गेलो. कोपऱ्यात एक जीप पडली होती. इंजिन काढलेलं, चाकं नाहीत, हिरव्या ऑइलपेंटचे कितीतरी थर. गॅस कटर हातात घेतलेला मुलगा खोळंबला होता. मी खाली वाकून पुढच्या बाजूचे बोल्ट रॉकेलने पुसायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "सर, एवढं काय बघायलेत? बोल्टच तर हायेत." मी त्याला जवळ बोलावलं आणि बोल्टच्या डोक्यावर बोट ठेवलं. गंजाखाली इंग्रजी एफ अक्षर उठलेलं होतं. शेजारच्या बोल्टवरही तेच, त्याच्या पलीकडेही तेच. ही जीप फोर्डने केलेली होती.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हव्या होत्या तेवढ्या जीप एकट्या विलिस कंपनीला पुरवता येईनात, म्हणून त्याच नकाशावर फोर्डनेही जीप बांधल्या. दोन्ही दिसायला जुळ्या. पण फोर्डने आपल्या सुट्या भागांवर आणि बोल्टांवर एफ उठवला. आणखी एक खूण आहे. रेडिएटरच्या खाली दोन्ही चेसिस रेलना जोडणारी आडवी पट्टी विलिसच्या जीपला गोल नळीची असते, फोर्डच्या जीपला ती उलट्या पन्हाळीसारखी चौकोनी असते. समोरच्या जाळीतले उभे गाळे मोजले तर युद्धातल्या या दोन्ही जीपना नऊ भरतात. युद्धानंतर विलिसने नागरिकांसाठी जी जीप काढली तिला सात. मुंबईत महिंद्रांनी 1947 पासून विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे आपल्याकडे जी सर्वांत जास्त दिसली ती सीजे-थ्री-बी. तिचं बोनेट उंच उचललेलं असतं, कारण आतलं इंजिन उंच होतं आणि जुन्या बोनेटखाली ते मावत नव्हतं.

एवढं समजल्यावर त्या मुलाने कटर बाजूला ठेवला आणि स्वतःच बाकीचे बोल्ट पुसायला लागला. ज्याने रोज गाड्या कापल्या त्याला त्या गाड्यांबद्दल कुणी कधी काही सांगितलंच नव्हतं. ती जीप वाचली नाही. वखारवाल्याचे पैसे अडकले होते आणि तिला विकत घेऊन ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती. पण तिची मापं माझ्या वहीत आहेत, फोटो आहेत आणि ती फोर्डची होती हे पक्कं माहीत आहे. युद्धासाठी समुद्रापार झालेली एक गाडी मराठवाड्यातल्या कुठल्या तरी शिवारात राबून शेवटी जालन्यात आली, एवढी तरी गोष्ट उरली.

गाडी ओळखणं हे असं बारीक नजरेचं काम असतं, आणि ते कुणालाही शिकता येतं. फियाटचंच घ्या. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायसलरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गो गाड्या जोडल्या जात, मग फियाट आली. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल फियाट अख्खा महाराष्ट्र 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखतो. तिच्या पुढच्या दरवाजाची बिजागरी मागच्या बाजूला असते, म्हणजे दरवाजा आजच्या गाड्यांच्या उलट उघडतो. नंतरच्या गाड्यांना हे दरवाजे सरळ झाले, अंग चौकोनी झालं, मग प्रेसिडेंट आली आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. 1,089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. मुंबईच्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या, लोक हळहळले. पण त्याआधी वीस वर्षं त्याच पद्मिनी शेकड्यांनी कापल्या जात होत्या, तेव्हा एकाही गाडीजवळ कुणी टेप घेऊन गेलं नव्हतं.

अ‍ॅम्बॅसॅडरचंही तसंच. लोकांना वाटतं, ती 1957 च्या सुमारास आली आणि 2014 मध्ये बंद पडेपर्यंत जशीच्या तशी राहिली. पण समोरची जाळी बघा. मार्क टूची जाळी बारीक चौकड्यांची, 1975 च्या मार्क थ्रीला आडव्या पट्ट्या. अ‍ॅम्बॅसॅडरच्याही आधीची लँडमास्टर वेगळी आणि तिच्या आधीची हिंदुस्थान फोर्टीन त्याहून वेगळी. टाटांचा ट्रक दिसला आणि त्याच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असला, तर तो 1954 ते 1969 या डेमलर-बेंझशी असलेल्या कराराच्या काळातला समजायचा. त्यानंतर ताऱ्याच्या जागी टाटांचं टी आलं. नंबरप्लेटही बोलते. 1988 चा मोटार वाहन कायदा 1989 मध्ये अमलात आला, मग एमएच आणि जिल्ह्याचा आकडा अशी पद्धत आली. जालन्याला 21 मिळाला. ज्या गाडीवर अजून तीन अक्षरं आणि पुढे आकडे असा जुना नंबर आहे ती या बदलाच्या आधीची. आणि निजामाच्या राज्यातली नोंदणी असलेलं एखादं जुनं कागदपत्र कुणाच्या ट्रंकेत सापडलं तर ते सोन्यासारखं जपा. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे आपल्या गाड्यांच्या इतिहासातही धरलं पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली, मूळ रूपात राखलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी मोटार विंटेज ठरते. 20,000 रुपये भरून नोंदणी, दहा वर्षांची मुदत, पुन्हा नोंदणीला 5,000 रुपये आणि नंबरात व्ही आणि ए ही खास अक्षरं. ती रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर न्यायची. नियम चांगले आहेत. ज्यांच्याकडे मूळ रूपातली देखणी गाडी आहे त्यांना या नियमांनी आधार दिला.

पण हे नियम मराठवाड्याच्या गाड्यांना लावून बघा. बस त्यात बसत नाही. ट्रक बसत नाही. तीनचाकी टेम्पो आणि रिक्षा बसत नाहीत. आणि आमच्या जीप? पेट्रोल परवडत नाही म्हणून इथल्या शेतकऱ्याने पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. सवाऱ्या जास्त बसाव्यात म्हणून मागे चेसिस वाढवून बाकडी टाकली, वर ताडपत्रीचं हूड चढवलं. गावागावांतून धावणारी काळी-पिवळी अशीच तयार झाली. मूळ रूप राहिलं नाही, म्हणून ती विंटेज नाही. माझ्या मते तो बदल हाच तिचा खरा इतिहास आहे. कुणी इंजिनिअर नसलेल्या फिटरने, वेल्डरने आणि डेंटरने मिळून एका अमेरिकन लष्करी गाडीतून मराठवाड्याची प्रवासी गाडी घडवली. हे कौशल्य कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, ते फक्त त्या गाडीच्या अंगावर लिहिलेलं आहे.

दुसरी अडचण वयाची. विंटेज व्हायला पन्नास वर्षं लागतात आणि गाडीला नकोशी करणारे नियम पंधराव्या वर्षीच सुरू होतात. पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 रुपयांवर गेलं. एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी वाहनांची नोंदणी नव्याने होत नाही, ती स्क्रॅपमध्येच जातात. म्हणजे तहसील कचेरीची जीप, आरोग्य खात्याची रुग्णवाहिका, एसटीची बस, पंधराव्या वर्षी कटरखाली. प्रदूषण आणि अपघात या दोन्ही कारणांनी हे धोरण बरोबर आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण पंधरा आणि पन्नास यांच्यामधली जी पस्तीस वर्षं आहेत, तिथे गाडी ना उपयोगाची ठरते ना जपण्याजोगी. त्या पस्तीस वर्षांच्या दरीत आपल्या सामान्य गाड्या पडतात आणि संपतात.

राजेमहाराजांच्या गाड्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत, आणि ती घेतली गेली हे चांगलंच झालं. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची 1936 ची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते तेव्हा तिला बघायला गर्दी लोटते. ती गर्दी बघितली की लोकांना जुन्या गाडीबद्दल किती जिव्हाळा आहे हे कळतं. मुंबईत विंटेज मोटारींच्या रॅली निघतात, बाप मुलाला खांद्यावर घेऊन उभा राहतो. पण बजाज टेम्पोची मॅटाडोर कुणी जपली? साठच्या दशकाच्या अखेरीस आलेली ही गाडी भाजी, दूध, पेशंट, बँडवाले आणि शाळेची पोरं, सगळ्यांना घेऊन फिरली. पुण्याच्या कंपनीच्या लुनाने किती शिक्षकांना आणि ग्रामसेवकांना पहिल्यांदा पेट्रोलवर चालायला शिकवलं! जी गाडी घरोघरी असते तिला आपण गृहीत धरतो, आणि नेमकी तीच सगळ्यात आधी नाहीशी होते.

इथे प्रतिकृतींचं काम उपयोगी पडतं. प्रत्येक गाडी जपता येणार नाही, तेवढी जागा नाही आणि पैसाही नाही. पण प्रत्येक प्रकारच्या गाडीची एक अचूक लहान प्रत एका कपाटात मावते. जगभर या छंदात ठरलेली प्रमाणं आहेत. 1:18 मोठं, 1:43 हे संग्राहकांचं आवडतं, 1:64 च्या आसपास मुलांच्या मुठीतल्या गाड्या. आगगाड्यांमध्ये 1:87 चालतं. मी 1:24 वापरतो, कारण त्यात आतली सीट, गिअरचा दांडा आणि दाराची कडीसुद्धा हाताने करता येते. इंग्लंडच्या डिंकी टॉइजचे साचे एके काळी कोलकात्याला आले आणि निकी टॉइज या नावाने इथे धातूच्या गाड्या निघाल्या. आज सेंटी टॉइजच्या प्लास्टिकच्या अ‍ॅम्बॅसॅडर आणि रिक्षा खेळण्यांच्या दुकानात मिळतात. मुलांसाठी त्या चांगल्या आहेत. पण वाढवलेल्या चेसिसची काळी-पिवळी कुठलाही कारखाना काढणार नाही. ती आपल्यालाच करावी लागेल.

करायची कशी ते सांगतो, म्हणजे हे काम आवाक्यातलं आहे हे कळेल. जीपच्या दोन आसांमधलं अंतर 80 इंच, म्हणजे 2,032 मिलिमीटर. चोवीसने भागलं की जवळपास 85 मिलिमीटर. गाडी समोर असेल तर टेप लावायचा. गाडी गेली असेल आणि नुसता बाजूने काढलेला फोटो असेल तरी मापं निघतात. जीपच्या टायरवर 6.00-16 लिहिलेलं असतं. सोळा इंचांची रिम आणि वरखाली सहा-सहा इंच टायर, मिळून साधारण 28 इंच व्यास. फोटोत टायर 14 मिलिमीटर भरला आणि दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर 40 मिलिमीटर भरलं, तर 14 ला 40 म्हणजे 28 ला 80. माप जुळलं, चेसिस मूळची आहे. अंतर 40 च्या पुढे गेलं तर चेसिस वाढवलेली आहे, आणि किती वाढवली तेही त्याच त्रैराशिकाने निघतं. आठवीतल्या मुलाला येणारं हे गणित आहे.

मापं ग्राफपेपरवर घ्यायची, चार बाजूंची चार चित्रं काढायची. जीपचा पत्रा सपाट, त्यामुळे ती सनबोर्डमध्ये लवकर उभी राहते. फियाटचं मडगार्ड अवघड. त्यासाठी मी सोल्डरची जाड तार वापरतो. तार प्रत्यक्ष गाडीच्या मडगार्डवर दाबून बसवायची, तिला तो बाक आला की उचलून कागदावर ठेवायची आणि पेन्सिल फिरवायची. दर वीतभर अंतरावर असा एक छेद घ्यायचा, तो चोवीस पटीने लहान करून पुठ्ठ्यात कापायचा, पुठ्ठे ओळीने उभे करून मधली जागा लांबीने (पुट्टीने) भरायची आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायचं. पेपर आधी खरबरीत, मग बारीक, शेवटी पाण्याचा. प्रायमर मारला की राहिलेले खड्डे दिसतात, पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. काचेला जुनी एक्स-रे फिल्म गरम पाण्यात आणि सोड्यात धुऊन घ्यायची. पाइपांना पेनाची रिकामी रिफिल, वायरिंगला मोटरच्या कॉइलची तांब्याची तार. रंग मात्र खरा शोधायचा. दाराच्या कडीखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे, जिथे ऊन आणि ब्रश पोचलेला नसतो, तिथे कंपनीचा मूळ रंग सापडतो.

फोटो असताना प्रतिकृती कशाला, असं मला विचारतात. फोटो काढणाऱ्याला न कळलेली गोष्ट फोटोत तशीच राहून जाते. प्रतिकृती करणाऱ्याला ती मुभा नाही. बंपर चेसिसला कुठे धरलाय, बोनेटची बिजागरी कुठे आहे, दाराची जाडी किती, सीटखाली बॅटरी आहे की पेट्रोलची टाकी, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळवल्याशिवाय त्याचा हात पुढे सरकत नाही. म्हणून एक चांगली प्रतिकृती म्हणजे त्या गाडीबद्दलची पूर्ण विचारपूस असते. आयटीआयच्या मुलांकडून असं एक मॉडेल करून घेतलं की त्यांना ड्रॉइंग वाचणं, माप घेणं, डेव्हलपमेंट (उलगडलेल्या पत्र्याचा नकाशा) काढणं आणि फिनिशिंग हे सगळं एकाच कामात येतं. मी हे शिकवून बघितलं आहे आणि छातीठोकपणे सांगतो, वर्गातल्या फळ्यावर जे मुलांना समजत नव्हतं ते जीपच्या मडगार्डवर समजलं.

एका माणसाच्या छंदातून संस्था उभी राहते, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. पुण्यात भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि घडवलेल्या छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय 1998 साली लोकांसाठी उघडलं. रूळ, सिग्नल, बोगदे, चालतं-फिरतं छोटं शहर. आजही शाळांच्या सहली तिथे जातात. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, ते लष्कराने 1994 मध्ये उभं केलं. तिथे रोल्स-रॉइसच्या चेसिसवर बांधलेली चिलखती गाडीही बघायला मिळते. उत्तरेत गुरुग्रामजवळ तावडूला वाहतुकीच्या वारशाचं अख्खं संग्रहालय आहे आणि त्यात ट्रक, रिक्षा, बैलगाडी यांनाही मानाची जागा आहे. हैदराबादेत निजामाच्या काळातली छोटी अल्बियन बस जपून ठेवलेली आहे. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्याने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली, त्या काळाची ती खूण. मराठवाडा त्याच राज्यात होता. मग त्या बसची एक प्रतिकृती तरी मराठवाड्यात का नसावी?

एसटीचंच बघा. 1 जून 1948 ला अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) ते पुणे मार्गावर पहिली बस धावली, बेडफर्ड कंपनीची, लाकडी बॉडीची. सुरुवातीच्या काळात एसटीकडे बेडफर्डशिवाय शेवर्ले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, अगदी फियाटच्याही बस होत्या. मग दिल्लीच्या 1982 च्या आशियाई खेळांतून आलेल्या बसवरून निमआराम गाडीला 'एशियाड' नाव पडलं. राज्यभरातली कितीतरी तरुण मुलं आज पुठ्ठ्याच्या आणि फोमशीटच्या एसटी बनवतात, त्यांवर आगाराचं नाव आणि मार्गाची पाटीसुद्धा लावतात. काहींचे आजोबा ड्रायव्हर, काहींचे वडील कंडक्टर. या मुलांना जुन्या बसची खरी मापं कुठेच मिळत नाहीत, ती फोटोंवरून अंदाज बांधतात. आपल्यापासून तासाभरावर, चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, जिथे बसच्या बॉडी बांधल्या जातात. जुन्या बॉडीची ड्रॉइंग तिथल्यासारख्या कार्यशाळांमधून बाहेर आली आणि या मुलांच्या हाती पडली, तर एसटीचा सगळा प्रवास एका दालनात मांडता येईल आणि त्यावर सरकारचा फारसा खर्चही होणार नाही.

काही जण म्हणतील, जिल्ह्यात पाण्याची टंचाई आहे, सोयाबीनला भाव नाही, अशा वेळी जुन्या गाड्यांचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. मी मागतो आहे त्याला पाणी लागत नाही आणि शेतकऱ्याच्या वाट्याचा रुपया लागत नाही. लागतो तो एका गाडीमागे अर्धा तास. आणि जे मूल गाडी मोजायला शिकतं ते उद्या सुटा भागही बनवायला शिकतं. पोलादाच्या गावात मुलांनी फक्त पोलाद उचलायचं का? त्यातून काय घडतं हेही त्यांना कळायला हवं.

मस्तगड 1725 च्या सुमारास निजामुल्मुल्क आसफजाहच्या काळात काबिलखानाने बांधला, हे आज मी तुम्हाला सांगू शकतो ते कुणीतरी ते लिहून ठेवलं म्हणून. गडाची पडझड झाली, वापर बदलला, तरी नोंद राहिली. आमच्या वखारींमधून गेलेल्या हजारो गाड्यांची एका ओळीचीही नोंद नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट मांडतो. सप्टेंबर 2021 च्या स्क्रॅपिंग केंद्रांच्या नियमांत गाडी मोडताना चेसिस क्रमांकाचा तुकडा कापून काही काळ जपून ठेवायची तरतूद आहेच. त्याच वेळी पंचवीस वर्षांपुढच्या प्रत्येक गाडीचे आठ फोटो काढावेत: चार बाजूंचे चार, आतला एक, इंजिनचा एक, चेसिस नंबरचा एक आणि कंपनीच्या पट्टीचा एक. सोबत बारा मापं: लांबी, रुंदी, उंची, दोन आसांमधलं अंतर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी, टायरचं माप, बोनेटची लांबी, पुढच्या काचेची उंची, दाराची रुंदी, जमिनीपासून चेसिसची उंची आणि बंपरची उंची. मालकाचं नाव नको, पत्ता नको. फक्त गाडी.

हे काम आयटीआय आणि तंत्रनिकेतनाच्या मुलांना प्रात्यक्षिकाचे गुण देऊन सोपवावं. जालन्याच्या पोलाद कारखानदारांनी आजवर गावासाठी पुष्कळ केलं आहे, त्यांनी एवढं करावं की ओळख पटून दुर्मीळ ठरलेली गाडी महिनाभर बाजूला ठेवावी आणि भंगाराच्या भावात ती कुणी घेणारा असेल तर त्याला द्यावी. मस्तगडावर किंवा गावात जिथे जमेल तिथे नगर प्रशासनाने एक दालन द्यावं. त्यात मुलांनी केलेल्या प्रतिकृती ठेवाव्यात आणि प्रत्येकीखाली ती गाडी कोणती, कुठल्या सालची आणि जालन्यापर्यंत कशी आली ते मराठीत लिहावं. त्या दालनातली पहिली गाडी वाढवलेल्या चेसिसची काळी-पिवळी असावी, असं मला मनापासून वाटतं.

वाचकांनाही एक विनंती. तुमच्या गोठ्यात, वाड्याच्या मागे किंवा शेतातल्या शेडमध्ये एखादी जीप, मॅटाडोर, राजदूत, लॅम्ब्रेटा किंवा फियाट गंजत उभी असेल, तर तिला विकायला माझी ना नाही. पण भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक टेप घ्या, मोबाइल घ्या, घरातल्या शाळकरी मुलाला सोबत घ्या आणि तिचं माप घ्या. आरसी बुक फेकू नका. ती गाडी कुणी आणली, कितीला आणली, तिच्यातून कोण कोण कुठे गेलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा. एवढं झाल्यावर मग तिला खुशाल भट्टीत जाऊ द्या.